डॉक्टर होण्याआधीचे टी. आओ

२९ जुलै १९४८ रोजी वेम्बली स्टेडियमवर ऑलिंपिकचं संचलन झालं. त्यात स्वतंत्र भारताचा तिरंगा ज्याच्या हाती होता, तो फुटबॉल संघाचा कर्णधार होता आणि कलकत्त्यात त्याचं एमबीबीएस अजून पुरं व्हायचं होतं. तालिमेरेन आओ, वय ३०. तिशीतल्या मुलाची पदवी अशी लांबली की आपल्याकडे शेजारीपाजारी आईवडिलांना भंडावून सोडतात. आओंचा तर १९४२ मध्ये प्रवेश झालेला!

त्यांचा जन्म १९१८ चा, नागा टेकड्यांमधल्या चांगकी गावचा. तेव्हा हा भाग आसामात होता. नागालँड राज्य व्हायला अजून ४५ वर्षं होती. वडील बाप्टिस्ट मिशनमध्ये धर्मोपदेशक. कुटुंब इंपूरच्या मिशनवस्तीत राहायला आलं आणि तिथे पोरगा चिंध्यांचा चेंडू लाथाडत फुटबॉल शिकला. १९३५ मध्ये वडील विषमज्वराने गेले. मुलाने डॉक्टर व्हावं आणि आपल्या माणसांत येऊन काम करावं, ही त्यांची इच्छा होती.

जोरहाटच्या मिशन शाळेनंतर आओ गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजात आले. अभ्यास तर होताच, पण धावण्या-उड्यांची बक्षिसंही त्यांच्याकडेच जाऊ लागली. शिवाय महाराणा क्लबकडून फुटबॉल. तिथे शरत दास हा बचावपटू भेटला. तो पुढे कलकत्त्याच्या मोहन बागान क्लबचा झाला, आणि आओंची पावलंही तिकडेच वळली.

पण कलकत्ता गाठलं ते फुटबॉलसाठी नव्हे. आसामात एमबीबीएस शिकवणारं कॉलेजच नव्हतं. दिब्रुगढला ते सुरू झालं १९४७ मध्ये. त्यामुळे डोंगराळ भागातल्या जमातींसाठी राखून ठेवलेल्या जागेवर आओंना प्रवेश मिळाला तो कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात, म्हणजे आजच्या आर. जी. कर कॉलेजात. पुढच्याच वर्षी त्यांनी मोहन बागानचा गणवेश चढवला. १९४३ आणि १९४४, दोन्ही वर्षी कलकत्ता लीग मोहन बागानने जिंकली.

त्या शहरात तेव्हा काय चाललं होतं, हेही ध्यानात घ्यायला हवं. १९४३ चा दुष्काळ, युद्ध, आणि १९४४ च्या उन्हाळ्यात थेट नागा टेकड्यांत, कोहिमाला, जपानी फौजेशी लढाई. १९४६ मध्ये दंगली. अशा काळात बेलगाछियातल्या कॉलेजात शरीररचनाशास्त्र घोकायचं आणि शहराच्या दुसऱ्या अंगाला मैदानावर जाऊन समोरच्या आघाडीपटूंना अडवायचं. आओ हाफबॅक. उंची चांगली, दमसास दांडगा, हवेतला चेंडू सहसा सोडत नसत. लीगचा हंगाम ऐन पावसाळ्यातला, आणि त्या चिखलात बहुतेक भारतीय खेळाडू अनवाणी, फार तर पायाला पट्ट्या गुंडाळून उतरत. खेळायचे पैसे अधिकृतपणे कुणालाच नव्हते. म्हणजे हे करिअर म्हणावं तर पोट भरणारं नव्हतं, आणि छंद म्हणावं तर हजारो लोक त्यावर रुसत-भांडत होते.

लंडनला भारताचा सामना ३१ जुलैला झाला, इलफर्डच्या क्रिकलफिल्ड मैदानावर, फ्रान्सविरुद्ध. आपले बहुतेक खेळाडू अनवाणीच होते. फ्रान्सने आधी गोल केला, सारंगपाणी रमण यांनी बरोबरी साधली, आणि अगदी शेवटी फ्रान्सने दुसरा गोल करून २-१ ने सामना काढला. भारताला दोन पेनल्टी मिळाल्या होत्या. दोन्ही वाया गेल्या. लोक आजही अनवाणी पायांबद्दल हळहळतात. माझ्या मते हळहळावं ते त्या पेनल्टींबद्दल. बूट का घालत नाही, असं तिथल्या पत्रकारांनी विचारलं तेव्हा, आम्ही फुटबॉल खेळतो, तुम्ही बूटबॉल खेळता, अशा अर्थाचं उत्तर आओंनी दिल्याचं सांगतात.

त्याच दौऱ्यात आर्सेनलने त्यांना वर्षभराचा करार देऊ केला आणि त्यांनी तो नाकारला, हीही गोष्ट अशीच सांगोवांगी पसरलेली. सांगणारे ती मोठ्या त्यागासारखी रंगवतात. करार खरोखर पुढे आला असेल, तर नीट हिशेब मांडून पाहावा. आर्सेनल त्या वर्षीचा इंग्लंडचा लीगविजेता होता हे खरं. पण इंग्लंडमध्ये खेळाडूंच्या पगारावर तेव्हा कमाल मर्यादा होती, आठवड्याला १२ पौंड. आजचे कोट्यवधींचे आकडे डोळ्यांपुढे ठेवून १९४८ चा निर्णय तोलण्यात अर्थ नाही. तिशीतला हाफबॅक फार तर आणखी चार-पाच वर्षं खेळला असता. नागा टेकड्यांत डॉक्टर मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते आणि वडिलांचा शब्द १३ वर्षं थांबून होता. मला यात त्याग कमी आणि व्यवहारी शहाणपण जास्त दिसतं.

१९५० मध्ये आओ एमबीबीएस झाले. दिब्रुगढच्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभागात काही काळ काम करून १९५३ मध्ये ते कोहिमाच्या सरकारी रुग्णालयात सहायक सिव्हिल सर्जन म्हणून रुजू झाले. १९६३ मध्ये नागालँड राज्य झालं, तेव्हा आरोग्य खात्याच्या संचालकपदी त्यांचीच नेमणूक झाली. निवृत्त होईपर्यंत, म्हणजे १९७८ पर्यंत, ती खुर्ची त्यांच्याकडे होती.