मालाची चित्रफीत : वजन घटवा, पोत राखा

गिऱ्हाइकाला कापडाचा नमुना दाखवायचा तर पूर्वी एस.टी.ने तुकडा पाठवावा लागे. आता फोनवर चित्रफीत जाते. आरमोरीकडचा कोसा असो की बांबूची टोपली, सौदा बरेचदा या चित्रफितीवरच ठरतो.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या व्यापाऱ्याची अडचण मात्र दुहेरी आहे. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा भागातील अनेक गावांत नेटवर्क कमकुवत असल्याने जड फाईल उघडत नाही. फाईल कशीही दाबून हलकी केली, तर करवतकाठी साडीची किनार पुसट होते आणि कोशाचा खरबरीत पोत मेणासारखा गुळगुळीत दिसतो. मग गिऱ्हाईक म्हणते, ‘दाखवलेला माल हा नव्हे.’ गडचिरोलीहून सिरोंचा सुमारे २०० किलोमीटर आहे. एक साडी परत आली की नफा वाहतुकीत जातो आणि भरवसा तुटतो तो वेगळाच.

काम कसे चालते?

चित्रफीत हलकी करणाऱ्या सॉफ्टवेअरला एन्कोडर म्हणतात. त्याची रीत आपल्या मालाच्या वहीसारखी आहे. आपण रोज सगळा माल मोजून लिहीत नाही. आरंभीची शिल्लक एकदा लिहितो, पुढे फक्त आवक-जावक. एन्कोडरही एक चित्र पूर्ण लिहितो आणि पुढच्या चित्रांत जे बदलले तेवढेच नोंदवतो. म्हणून हात हलवत घेतलेली चित्रफीत जड होते, कारण तिच्यात सगळेच सतत बदलत असते.

हिशेबासाठी चित्राचे चौकोनी तुकडे पाडले जातात. २००३ च्या एच.२६४ पद्धतीत मोठ्यात मोठा तुकडा १६ बाय १६ ठिपक्यांचा होता. २०१३ च्या एचईव्हीसीत तो ६४ बाय ६४ झाला आणि २०१८ च्या एव्ही१ मध्ये १२८ बाय १२८. साडीचे साधे अंग मोठ्या तुकड्यात उरकते आणि किनारीसाठी बारीक तुकडे वापरता येतात. आयफोनच्या सेटिंगमध्येच हिशेब दिलेला आहे : एक मिनिटाची १०८०पी चित्रफीत एच.२६४ मध्ये सुमारे १३० एमबी, तर एचईव्हीसीत सुमारे ६० एमबी.

नवे काय आले?

संगणकावर चालणारे हँडब्रेक हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. डिसेंबर २०२२ च्या त्याच्या १.६ आवृत्तीत एव्ही१ ची सोय आली. एफएफएमपेग या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरच्या २०२४ मधील ७.० आवृत्तीत कामाचे टप्पे एकाच वेळी चालू लागले, त्यामुळे वेळ वाचतो.

पण नवे ते सर्वच आपल्या कामाचे नाही. एव्ही१ मध्ये मूळ चित्रातील बारीक कण पुसून पाहताना कृत्रिम कण घालण्याची सोय आहे. सिनेमाला ती चालते. कापडाच्या व्यापाऱ्याने ती बंद ठेवावी, कारण आपल्याला खराच पोत दाखवायचा आहे. शिवाय जुन्या स्वस्त फोनवर एव्ही१ नीट चालेलच असे नाही. गिऱ्हाइकाचा फोन कोणता हे माहीत नसेल तर एच.२६४ च बरे.

व्यापारी बांधवांनी एवढे करावे :

१) फोन स्टँडवर ठेवून, दिवसाच्या उजेडात, एचडीआर बंद करून चित्रीकरण करावे. आधी पूर्ण साडी आणि मग किनार जवळून, दोन्ही स्थिर.

२) हँडब्रेकमध्ये एमपी४, एच.२६४, ७२०पी निवडून गुणवत्तेचा आकडा २० च्या आसपास ठेवावा. आकडा लहान तितका दर्जा वरचा आणि फाईल जड.

३) फाईल नेहमी मूळ चित्रफितीवरूनच हलकी करावी. एकदा दाबलेली पुन्हा दाबली की पोत आणखी जातो. मूळ प्रत जपून ठेवावी.

४) व्हॉट्सॲपवर साधी चित्रफीत पाठवली तर ते ॲप तिला पुन्हा दाबते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास फाईल आहे तशी पोहोचते.

५) पाठवण्यापूर्वी ती साध्या फोनवर, कापड शेजारी ठेवून पाहावी. रंग किंवा विणीत फरक वाटला तर पाठवू नये.

या साऱ्याला लागतो जुना संगणक, मोफत सॉफ्टवेअर आणि दहा-पंधरा मिनिटे. परत आलेल्या एका साडीपेक्षा हा खर्च नक्कीच स्वस्त आहे.