पाकीट तिजोरीत, समुद्र कुंपणात

वेस्ट इंडीज हा आपल्या लेखी बराच काळ देश नव्हताच, तो एक संघ होता. १९७१ साली किंग्स्टनच्या सबायना पार्कवर दिलीप सरदेसाईंनी २१२ धावा काढल्या. त्या वेळी वर्तमानपत्रातला धावफलक वाचणाऱ्या किती जणांना त्या बेटाच्या समुद्राचे कौतुक असेल? आता दिवस बदलले. न्यू जर्सीत नाहीतर टोरांटोत स्थायिक झालेली मुले सुट्टीत आईबाबांना जमैकाला घेऊन जातात. मॉन्टेगो बे, ओचो रिओस, नेग्रिल ही नावे आता पुण्या-ठाण्याच्या दिवाणखान्यांतही ऐकू येतात.

या सहलीचे मर्म मनगटावरच्या एका प्लॅस्टिकच्या पट्ट्यात आहे. हॉटेलात पाऊल टाकताच तो बांधला जातो आणि पाकीट खोलीतल्या तिजोरीत जाऊन झोपते. न्याहारी, जेवण, आइस्क्रीम, शहाळे, पोहण्याचे तलाव, संध्याकाळचा नाचगाण्याचा कार्यक्रम, सगळ्याचे पैसे आधीच भरलेले. यालाच ‘ऑल-इन्क्लुझिव्ह’ म्हणतात. बाबांचा ‘एवढ्याशा रसाला एवढे पैसे?’ हा प्रश्न आठवडाभर बंद राहतो. आणि ‘रात्री काय करायचं?’ हा प्रश्न आईला सात दिवस पडत नाही. हे सुख लहान नाही, त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. आता पैसे भरलेच आहेत तर ‘वसूल’ करायला हवेत, म्हणून चौथ्यांदा ताट भरून घेणारे काकाही त्या रांगेत दिसतात, पण ते कुठे नसतात!

ही कल्पना जमैकाची नव्हे. १९५० साली जेरार ब्लिट्झ या बेल्जियन गृहस्थाने स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबू ठोकून ‘क्लब मेड’ सुरू केला, तिथून ती आली. जमैकात ती फोफावली ती मात्र भीतीच्या दिवसांत. १९७०च्या दशकात तिथे राजकीय टोळ्यांचा हिंसाचार माजला होता. १९८०च्या निवडणुकीच्या वर्षात सुमारे आठशे माणसे मारली गेली. पर्यटक बिचकू लागले. अशा वेळी, १९८१ साली, वातानुकूलन यंत्रे विकणाऱ्या गॉर्डन ‘बुच’ स्ट्युअर्ट यांनी मॉन्टेगो बेमधले एक हॉटेल घेऊन ‘सँडल्स’ उभे केले. पाहुण्याला फाटकाबाहेर पडावेच लागू नये, अशी ही सारी व्यवस्था! ती भीती आता पुष्कळ ओसरली. गुन्हे आहेत, पण ते बहुतांशी पर्यटकांच्या वाटेपासून दूर. कुंपण मात्र राहिले, वाढतही गेले.

या कुंपणाचा जाच पाहुण्याला होत नाही. तो होतो गावातल्या माणसाला. १९५६च्या बीच कंट्रोल अॅक्टनुसार जमैकात किनारपट्टीवरचे हक्क राजसत्तेकडे आहेत आणि सामान्य नागरिकाला समुद्रस्नानाचा सरसकट हक्क नाही. किनाऱ्याला लागून हॉटेल उभे राहिले, की पिढ्यान्पिढ्यांची पायवाट एका सकाळी फाटकाआड जाते. आपल्याकडे चौपाटीवर भेळ खात बसायला कुणाची परवानगी लागत नाही, त्यामुळे हे चटकन ध्यानात येत नाही. तिथे मात्र लोक कोर्टात गेले आहेत. मॅमी बे आणि ब्लू लगून या किनाऱ्यांसाठी लढणाऱ्या चळवळीच्या नावातच ‘बीच बर्थराइट’ हे शब्द आहेत. किनारा हा जन्मसिद्ध हक्क! मराठी कानाला हा शब्द ओळखीचा वाटल्याखेरीज कसा राहील?

फाटकाआड पास्ता असतो, पिझ्झा असतो, आणि जमैकन पदार्थांची एखादी सौम्य केलेली रात्रही असते. खरी चव रस्त्याकडेच्या टपरीवर. तिथला ‘कॅलालू’ म्हणजे आपल्या माठाचाच भाऊ, कांदा-लसणावर परतलेला. ‘राइस अँड पीज’मध्ये मटार नसतात, नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भात असतो. कोकणातला नीरफणस तिथे घरोघरी भाजून खातात. तो १७९३ साली कॅप्टन ब्लायने मळ्यांवरच्या गुलामांच्या पोटासाठी जहाजातून आणला. आणि ‘करी गोट’, म्हणजे मटणाचा रस्सा, हा तर थेट आपल्या माणसांचा वारसा. १० मे १८४५ रोजी ओल्ड हार्बर बे इथे पहिले भारतीय करारबद्ध मजूर उतरले. १९१७पर्यंत सुमारे छत्तीस हजार आले, बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडचे. उसाच्या मळ्यांत राबताना त्यांनी मसाला सोडला नाही. शाकाहारी माणसाची सोय रास्ताफारी मंडळींच्या ‘आयटल’ खानावळीत होते. ते बहुधा मांसाला शिवत नाहीत, पुष्कळसे मीठही टाळतात. लोणच्याची बाटली जवळ ठेवावी.

२०२५च्या ऑक्टोबरअखेर मेलिसा चक्रीवादळाने बेटाच्या पश्चिम भागाची दाणादाण उडवली. हॉटेले बंद पडली की खोल्या झाडणारी, ताटे उचलणारी माणसे घरी बसतात, आणि त्यांची घरेही छपरांविना. तिथे जाऊच नये असे म्हणणारे याचा विचार करत नाहीत. जावे, पण सातांतला एक दिवस पट्ट्याबाहेर घालवावा. लाल नंबरप्लेटची टॅक्सी ही परवानाधारक, ती घ्यावी. मॉन्टेगो बेचा डॉक्टर्स केव्ह किनारा तिकीट काढून कुणालाही खुला आहे. तिथे शेजारच्या चटईवर जमैकाचे कुटुंबही पसरलेले सापडेल, डबा उघडून.

आणि आंबा विचारावा. त्या बेटावर एक जात ‘बॉम्बे’ याच नावाने ओळखली जाते. मधोमध गोल सुरी फिरवायची, दोन्ही वाट्या उलट दिशांना पिळायच्या. कोय सुटून येते आणि उरलेला आंबा चमच्याने खातात. मात्र त्याचा मोसम उन्हाळ्यातला. नाताळात गेलेल्यांना तो मिळणार नाही.