गोड्या पाण्यातील माशांची आनुवंशिक पुंजी

परिस्थिती पालटली असता प्राणी तिच्याशी जुळते कसे होतात, या प्रश्नाचे एक बोलके उत्तर उत्तर गोलार्धातील स्टिकलबॅक या लहानशा माशात सापडते. समुद्रातील स्टिकलबॅकच्या प्रत्येक कुशीवर तीसहून अधिक अस्थिपट्टांचे चिलखत असते. तळ्यांतील बहुतेक समूहांत हे पट्ट दहापेक्षाही कमी असतात.

अलास्कातील लोबर्ग तळ्यातील मूळचे स्टिकलबॅक १९८२ मध्ये विष घालून नष्ट करण्यात आले. पुढे समुद्रातून आलेल्या माशांनी तेथे वस्ती केली. २००१ पर्यंत त्यांच्यात पूर्ण चिलखताचे मासे केवळ ११ टक्के उरले आणि अल्पपट्टी मासे ७५ टक्के झाले.

इतक्या अल्पावधीत योग्य ते नवे उत्परिवर्तन घडून सर्वत्र पसरावे, हे संभवनीय नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने याचा उलगडा केला. हा फरक मुख्यतः ‘ईडीए’ या जनुकामुळे पडतो आणि त्याचे अल्पपट्टी रूप समुद्रातील समूहांतही तुरळक आढळते. पूर्ण रूप बऱ्याच अंशी प्रभावी असल्याने ते एरवी झाकलेले राहते. गोड्या पाण्यात नैसर्गिक निवड अनुकूल होताच त्याचे प्रमाण वाढते.

सारांश, असे अनुकूलन म्हणजे पूर्वसंचितावरील उचल होय. समूह फार लहान झाला की दुर्मिळ रूपे केवळ यदृच्छेने लोप पावतात. पुढे माशांची संख्या वाढली, तरी ती परत येत नाहीत. म्हणून धरणांनी खंडित झालेल्या नद्यांतील मत्स्यसमूहांचे रक्षण करताना नुसती डोकी मोजून भागत नाही.