घराभोंवतालची मोकळी जागा

मुंबईसारख्या शहरांत घर बांधूं पाहणाऱ्या गृहस्थाला नियमांतील जें कलम सर्वांत अन्यायाचें वाटतें, तें स्वतःच्याच जागेंतील कांहीं भाग उघडा ठेवण्याचें. पैसे मोजले सबंध जमिनीचे, आणि भिंत मात्र कुंपणापासून इतके फूट आंत! नगररचनेच्या भाषेंत या उघड्या पट्ट्यास ‘सामासिक अंतर’ म्हणतात. शब्द मोठा समर्पक आहे. समास न सोडतां छापलेलें पान वाचवत नाहीं. समास न सोडतां बांधलेल्या आळींत राहवत नाहीं.

ही गोष्ट मुंबईला फार महाग पडून कळली. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेगचा पहिला रोगी ओळखला. त्या वस्तींतील घरें एकमेकांस खेटून उभीं होतीं. दोन घरांमधला बोळ सांडपाणी व मैला वाहून नेण्यापुरता, आणि आंतल्या खोल्यांना भर दुपारींही दिव्यावांचून गति नव्हती. १८८८ च्या महापालिका कायद्यांत रस्त्याची नियमित रेषा ठरविण्याची व घर नव्यानें बांधतांना तें त्या रेषेच्या मागें घेण्याची तरतूद होती. पण तिनें राखला तो रस्ता. घराची पाठ आणि कूस कोंदटच राहिली. प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो हें पुढें सिद्ध झालें. म्हणून कांहीं उजेडाची व वाऱ्याची मागणी खोटी ठरली नाहीं. कोंदट खोलींत क्षय कसा फोफावतो, हें कोणत्याही डॉक्टरास विचारावें.

१८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली, आणि केवळ रस्ते फोडून भागणार नाहीं हें हळूहळू ध्यानांत आलें. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनीं १९१२ च्या सुमारास खोल्यांतील उजेड व हवा हा विषय हिरीरीनें मांडला. त्यांतून प्रसिद्धीस आलेला नियम म्हणजे साडेत्रेसष्ट अंशांचा कोन. आंकडा विचित्र वाटतो. अर्थ सोपा आहे. तळमजल्यावरील खोलीची जमीन जेथें बाहेरच्या भिंतीस मिळते, तेथून साडेत्रेसष्ट अंशांच्या चढानें बाहेर एक रेषा ओढावी. समोरची इमारत तिच्या आड येतां कामा नये. या चढाची रेषा एक फूट पुढें सरकतांना सुमारें दोन फूट वर जाते. म्हणजे समोरचें घर चाळीस फूट उंच असेल, तर मध्यें वीस फूट आकाश हवें.

या हिशोबांत एक मौज आहे. वीस फुटांपैकीं दहा एकानें सोडावयाचे आणि दहा शेजाऱ्यानें. प्रत्येकानें आपल्या जमिनींतून जें सोडलें, त्याचा उजेड मुख्यतः दुसऱ्याच्या खिडकींत पडतो. आणि स्वतःच्या खिडकींत येतो तो शेजाऱ्यानें सोडलेल्या जागेंतून. म्हणूनच ही गोष्ट खुशीवर ठेवून चालत नाहीं. एकानें चोरी केली कीं तिचा अंधार चोराच्या घरीं न पडतां पलीकडे पडतो!

ट्रस्टच्या दादर-माटुंगा योजनेंत हा विचार प्रत्यक्षांत उतरलेला दिसतो. हिंदु कॉलनी व पारशी कॉलनी येथील जुनीं घरें बेताच्या उंचीचीं, चोहोंकडून सुटीं आणि झाडांच्या सावलींत आहेत. पण हें सुख मध्यमवर्गाच्या वांट्यास आलें. १९२० सालीं स्थापन झालेल्या डेव्हलपमेंट खात्यानें वरळी, नायगांव, शिवडी व डिलाईल रोड येथें कामगारांसाठीं ज्या चाळी उठविल्या, त्यांत सबंध कुटुंबास मिळाली ती सुमारें १६० चौरस फुटांची एक खोली.

पुढें १९६४ च्या विकास आराखड्यापासून, जो १९६७ सालीं मंजूर झाला, कोनाच्या जोडीस चटईक्षेत्र निर्देशांक आला. जमिनीच्या किती पट मजले मिळून बांधावयाचे, याचें हें माप. १९९१ च्या नियमांत मूळ निर्देशांक शहरांत १.३३ व उपनगरांत १ होता. म्हणजे शहरांत ५०० चौरस मीटर जमिनीवर ६६५ चौरस मीटर बांधकाम. सवलतींनीं हें माप अनेक ठिकाणीं पुष्कळ वाढलें, रस्ते मात्र होते तेवढेच राहिले. २०१८ पासून लागू झालेल्या नियमावलीनें बांधकामाचें माप रस्त्याच्या रुंदीशीं जोडलें, हें योग्यच झालें.

आतां या मोकळ्या जागेस नवा वांटेकरी आला आहे, तो म्हणजे मोटार. राहण्याची खोली किमान साडेनऊ चौरस मीटर असावी, असें बांधकामाचे नियम सांगतात. त्याच १९९१ च्या नियमावलींत एका मोटारीच्या जागेचें माप अडीच मीटर गुणिलें साडेपांच मीटर, म्हणजे पावणेचौदा चौरस मीटर होतें. याचे सुमारें १४८ चौरस फूट भरतात. गिरणीकामगाराच्या कुटुंबाच्या खोलीहून बारा कमी! वाहनतळाची सक्ती अनाठायीं नाहीं. ती नसती तर सर्व गाड्या रस्त्यावर येत्या. खांबांवर इमारत उचलून खालीं गाड्या ठेवाव्या, हा मार्ग ठीकच. परंतु तेथें न मावलेली गाडी सामासिक अंतरांत शिरते. नियम त्यास अटी घालतात. जमिनीवर पांढरे पट्टे ओढतांना त्या आठवतातच असें नाहीं. आणि उंच इमारतीला आग लागल्यास बंबाला वळण्यास सहा मीटरांची वाट लागते, ती नेमकी याच पट्ट्यांतून.

घर घेणारे लोक खोल्या मोजतात, नळाला पाणी किती वेळ येतें तें विचारतात. मंजूर नकाशा मागून त्यावरील सामासिक अंतर टेपानें प्रत्यक्ष जागेवर ताडून पाहणारा विरळाच. या कामास अर्धा तास पुरतो, आणि तो गाड्या परतल्यावर, रात्रीं नऊच्या पुढें काढावा.