लंडनला जुळलं, ते टिकलं!

'फ्रेंड्स' म्हटलं की सगळ्यांना आठवतात रॉस आणि रेचेल. माझं मत मात्र मोनिका-चँडलरला!

रॉसचं प्रेम शाळेपासूनचं. १९९४ च्या पहिल्याच एपिसोडमध्ये लेखकांनी ती ठिणगी टाकली आणि २००४ च्या शेवटच्या एपिसोडपर्यंत आपल्याला ताटकळत ठेवलं. मोनिका-चँडलरचं तसं ठरलेलंच नव्हतं. १९९८ मध्ये लंडनला दोघं एका पांघरुणात सापडले, तेव्हा लेखकांच्या मनात होती फक्त चार दिवसांची गंमत. पण स्टुडिओतल्या प्रेक्षकांनी असा काही कल्ला केला, की बेतच बदलला.

पुढची मजा बघा. आईवडिलांचा घटस्फोट पाहिलेला, लग्नाचं नाव काढताच विनोदामागे लपणारा चँडलर हळूहळू थांबायला शिकतो. सगळं आपल्याच हातात हवं असणारी मोनिका २००० मध्ये चक्क गुडघ्यावर बसून त्याला मागणी घालते. रडू आवरेना, म्हणून तिचं अर्धवट राहिलेलं तो पूर्ण करतो. मैत्री आधीच मुरलेली, म्हणून हे खरं वाटतं.

घरी स्थळांचे बायोडेटा येताहेत आणि आम्ही मात्र पहिल्या भेटीत 'क्लिक' व्हायची वाट बघतोय. या दोघांना क्लिक व्हायला चार सीझन लागले! तेव्हा कट्ट्यावरच्या त्या टवाळ मित्राकडे एकदा नीट बघाच.