महाविद्यालयातील रक्तदान शिबिर

दहावीनंतर तुमच्यापैकी अनेकजण महाविद्यालयात जातील. तेथे ‘राष्ट्रीय सेवा योजना’ हे नाव तुमच्या कानांवर पडेल. मुले तिला ‘एन. एस. एस.’ म्हणतात. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने २४ सप्टेंबर १९६९ रोजी ही योजना देशातील ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिच्यातील स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास समाजासाठी काम करायचे असते. झाडे लावणे, खेड्यात श्रमदान करणे ही कामे तुम्ही ऐकली असतील. पण हे विद्यार्थी आपल्याच वर्गमित्रांच्या आरोग्यासाठीही झटतात. त्यांतले एक मोठे काम म्हणजे रक्तदान शिबिर.

शिबिराच्या दिवशी रक्तपेढीचे डॉक्टर व परिचारिका येतात. रक्त घेणे व तपासणे हे त्यांचे काम. विद्यार्थ्यांचे खरे काम मात्र आठ-दहा दिवस आधीच सुरू होते. ते वर्गावर्गांत जाऊन माहिती सांगतात. ऐकणाऱ्यांच्या मनात भीती असते. सुई फार दुखेल का? अशक्तपणा येईल का? आई रागावेल का? असे प्रश्न डॉक्टरांना विचारायला मुले लाजतात. शेजारच्या बाकावरील मित्राला मात्र ती सहज विचारतात. ज्याने गेल्या वर्षी रक्त दिले आणि दुसऱ्या दिवशी जो तासाला हजर होता, त्याचे बोलणे भिंतीवरच्या फलकापेक्षा लवकर पटते.

रक्त देणाऱ्याचे वय १८ वर्षे पूर्ण हवे आणि वजन निदान ४५ किलो हवे. उपवास किंवा रोजा असताना रक्त घेत नाहीत. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे पाच लीटर रक्त असते. त्यातून साधारणपणे ३५० मिलिलीटर घेतात. रक्तातील पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून येतो. तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात. म्हणून पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनीच पुन्हा रक्त देता येते.

त्याआधी एक छोटी तपासणी असते. बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात टाकतात. थेंब झटकन बुडाला, तर रक्तात हिमोग्लोबिन पुरेसे आहे असे समजतात. १०० मिलिलीटर रक्तात ते निदान १२.५ ग्रॅम लागते. थेंब वरच राहिला, तर रक्त घेत नाहीत. अनेक मुली येथूनच परत जातात आणि खट्टू होतात. खरे तर शिबिराचा मोठा उपयोग याच मुलींना होतो! २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. जिना चढताना धाप लागते, अभ्यासात लक्ष लागत नाही. पण हा रक्तक्षय आहे हे त्या मुलीच्या ध्यानातही आलेले नसते. स्वयंसेवक मैत्रीण तिला गोळ्या देत नाही. ती तिला डॉक्टरांकडे घेऊन जाते. पालेभाजी, डाळ, कलेजी खावी, जेवताना लिंबू पिळावे, जेवणानंतर लगेच चहा पिऊ नये, एवढे मात्र ती नक्की सांगते.

कधी हिमोग्लोबिन कमी असण्याचे कारण निराळे असते. काहीजण थॅलेसेमियाचे वाहक असतात. त्यांना स्वतःला फारसा त्रास नसतो. पण नवरा व बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. गंभीर थॅलेसेमिया झालेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी दुसऱ्याचे रक्त द्यावे लागते. म्हणून काही महाविद्यालयांत ही तपासणीही करतात. तिचा निकाल ज्याचा त्यालाच सांगावा लागतो. एखाद्या मुलीचे नाव वर्गात फुटले, तर पुढच्या वर्षी तपासणीला कोण येईल?

पूर्वी काही लोक पैसे घेऊन रक्त विकत असत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ जानेवारी १९९८ पासून ते बंद झाले. तेव्हापासून रक्तपेढ्यांची भिस्त अशा शिबिरांवर अधिक आहे. मे महिन्यात महाविद्यालयांना सुट्टी असते, शिबिरे कमी होतात आणि रक्ताचा तुटवडा पडतो. तांबड्या पेशी फार तर ४२ दिवस टिकतात, त्यामुळे फार आधीचा साठा उपयोगी पडत नाही. अशा वेळी स्वयंसेवक आपली वही काढतात. तिच्यात वर्गमित्रांची नावे व रक्तगट लिहिलेले असतात. मग गावी न गेलेल्या मित्रांना एकेक करून फोन जातात.