वही कुणाच्या घरी ठेवावी?

दिवाळीत आमच्या रत्नागिरीच्या पेठेत वह्यांची पूजा आजही होते. पण वाचकहो, त्या वह्यांतला हिशेब केव्हाच संगणकात राहायला गेला आहे. रोजकीर्द, खतावणी, मालाचा साठा, पगारपत्रक, जीएसटीची विवरणे ही सारी एका सूत्रात ओवणाऱ्या आज्ञावलीला ‘ईआरपी’ म्हणतात. माझ्या एका माजी विद्यार्थ्याची आंब्याचा रस डबाबंद करणारी छोटीशी कंपनी आहे. ही आज्ञावली कचेरीतल्या यंत्रावर बसवावी, की दूरच्या भाड्याच्या सर्व्हरवर, म्हणजे ‘क्लाउड’वर, असा पेच त्याने माझ्यापुढे टाकला. मराठीच्या मास्तराला हे विचारणे म्हणजे वैद्यबुवांच्या हाती वल्हे देणे! तरीही आम्ही दोघे विचाराला बसलो.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि मालाबरोबर दुकानांतले दप्तर व संगणकही बुडाले. आपल्याजवळ असेल ते सुरक्षित, हा पिढीजात समज त्या पुरात वाहून गेला. उलट, ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळानंतर दापोली-मंडणगडात कितीतरी दिवस ना वीज, ना फोन. अशा वेळी दूरचा सर्व्हर शाबूत असूनही नसल्यासारखाच.

खर्चाचेही तसेच. स्वतःचे यंत्र घ्यावे, तर एकरकमी पैसा आणि ते सांभाळणारा जाणता माणूस हवा. भाड्याने घ्यावे, तर कारखान्याची धांदल उन्हाळ्यापुरती आणि भाडे मात्र बारमाही! शिवाय कायद्याने कंपनीला हिशेब आठ वर्षे जपावे लागतात. संगणकावरील हिशेबाची प्रत रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवण्याचा नियमही २०२२ साली आला.

माझ्या मते खरा प्रश्न जागेचा नाही, मालकीचा आहे. उद्या भाडेकरार मोडला, तर आपला सगळा हिशेब आपल्याला वापरता येईल अशा रूपात परत मिळेल काय? मुंबईच्या ‘फ्रापे’ कंपनीची ‘ईआरपीनेक्स्ट’ ही आज्ञावली मुक्त स्रोताची आहे. ती स्वतःच्या यंत्रावर चालते, भाड्याच्याही, आणि बिऱ्हाड हलवता येते.

विद्यार्थ्याने अखेर भाड्याचा सर्व्हर पत्करला. पण रोज रात्री एक प्रत कचेरीत उतरते. मी एवढेच सुचवले, की मृगापूर्वी एकदा ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी आणि एक दिवस कागदी चलनांवर कारखाना चालवावा. कौले आपण पावसाआधीच शाकारतो, नाही का?